‘एम्बार्क’, ‘एम्बार्गो’ आणि ‘ऑन बोर्ड’

हजच्या अर्जात ‘एम्बार्केशन पॉइंट’ असा रकाना असतो. मुंबईहून हाजींचे जहाज १९९५ नंतर बंद झाले, आता सारे विमानाने जातात. शब्द मात्र जहाजाचाच राहिला, कारण ‘एम्बार्क’ म्हणजे मुळात जहाजात चढणे.

हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये ‘बार्क’ म्हणजे लहान जहाज. त्याचे मूळ लॅटिन ‘बार्का’. त्याला ‘आत’ या अर्थाचा उपसर्ग लागून क्रियापद झाले. अरबीत ‘रकिबा’ म्हणजे स्वार होणे, मग ते घोड्यावर असो वा जहाजावर. त्यावरूनच जहाजाला ‘मरकब’ म्हणतात. आपला ‘जहाज’ शब्दही अरबीच. तिथे त्याचा अर्थ साधनसामग्री. लग्नातला ‘जहेज’ त्याचाच भाऊबंद!

‘एम्बार्गो’ दिसायला तसाच, पण त्याचे कूळ वेगळे आणि अर्थ जवळजवळ उलटा. हा स्पॅनिश शब्द अडवणुकीचा, म्हणजे व्यापारबंदीचा आहे. ऑगस्ट १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी इराकवर लादला तो एम्बार्गो. परदेशी पत्र वाचताना या दोहोंत गल्लत करू नये.

प्रवासी एम्बार्क होतो. मालाच्या कागदावर मात्र ‘ऑन बोर्ड’ हे शब्द पाहावे लागतात. बिल ऑफ लेडिंगवर नुसते ‘रिसीव्हड फॉर शिपमेंट’ असेल, तर माल जहाज कंपनीच्या ताब्यात आला एवढेच सिद्ध होते, तो जहाजावर चढला असे नव्हे. समजा, लेटर ऑफ क्रेडिटमध्ये शिपमेंटची शेवटची तारीख ३१ मार्च आहे. माल २८ मार्चला गोदीत पोहोचला, पण जहाजावर ३ एप्रिलला चढला. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० या नियमावलीप्रमाणे ‘ऑन बोर्ड’ शेऱ्यातली तारीख हीच शिपमेंटची तारीख. अशा वेळी बँक पैसे देण्यास नकार देऊ शकते.

म्हणून व्यापारी बंधूंनी बिल हाती पडताच हा शेरा व तारीख तपासावी. उशीर होणार असे दिसताच ग्राहकाला कळवून लेटर ऑफ क्रेडिटची मुदत वाढवून घ्यावी. एजंटाकडून मागची तारीख टाकून घेणे ही सरळ फसवणूक आहे. त्यात गुन्ह्याची जोखीम तर आहेच, शिवाय ती अमानतीत खयानतही ठरते.