ब्लॉगलेखनातील बदलते प्रवाह आणि ब्लॉग-सेवांचे ऑनलाइन विपणन

१. पाठाची ओळख

ब्लॉग लिहिणे आणि ब्लॉगशी संबंधित सेवा विकणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात तुम्ही वाचकासाठी लिहिता. दुसऱ्यात एखादा दुकानदार, क्लासचालक किंवा संस्था तुम्हाला पैसे देऊन आपल्या ब्लॉगचे काही काम सोपवते. लेख लिहिणे, भाषांतर, मुद्रितशोधन, साइट उभी करणे, तिचा वेग सुधारणे, जुना मजकूर नव्या स्वरूपात आणणे या सर्व ब्लॉग-सेवा होत. भांडवल फारसे लागत नसल्याने अनेक विद्यार्थी शिकत असतानाच यातले एखादे काम सुरू करतात. अडचण येते ती ग्राहक मिळवताना. ज्याने तुम्हाला कधी पाहिले नाही, त्याने तुमच्यावर विश्वास का ठेवावा?

या पाठात आपण तीन गोष्टी पाहणार आहोत: ब्लॉगचे प्रवाह कसे बदलले, सेवा ठरवून तिचे विपणन कसे करावे, आणि कोणत्या मार्गाने जाऊ नये. सगळीकडे एकच उदाहरण वापरू, म्हणजे मुद्दे हवेत राहणार नाहीत.

२. ब्लॉग इथवर कसा आला

'वेबलॉग' हा शब्द १९९७ मध्ये जॉर्न बार्गर यांनी वापरला. १९९९ मध्ये त्याचे 'ब्लॉग' असे लहान रूप झाले. त्याच वर्षी ब्लॉगर ही सेवा सुरू झाली आणि कोडिंग न येणाऱ्यालाही लिहिता येऊ लागले. २००३ मध्ये गूगलने ब्लॉगर विकत घेतले. त्याच वर्षी वर्डप्रेस आले आणि ॲडसेन्समुळे छोट्या लेखकालाही जाहिरातीतून पैसे मिळू लागले. पुढे वाचक समाजमाध्यमांकडे, मग व्हिडिओकडे आणि ईमेल बातमीपत्रांकडे वळला.

या इतिहासातला विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याचा धागा वेगळा आहे. जिओसिटीजवरची पाने २००९ मध्ये बंद झाली. अनेक जण ज्यातून ब्लॉग वाचत, ते गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. भारतात लोकप्रिय असलेले ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये संपले. जून २०२० मध्ये टिकटॉकवर भारतात बंदी आली आणि ज्यांचे सगळे प्रेक्षक तिथेच होते, त्यांना पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली.

म्हणून पहिला नियम: मूळ मजकूर स्वतःच्या डोमेनवर ठेवा, त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा, आणि समाजमाध्यमांचा उपयोग तिथवर वाचक आणणाऱ्या वाटा म्हणून करा. वाट बंद झाली तर दुसरी काढता येते. घर मात्र आपले हवे.

३. आजचे चार प्रवाह

(अ) शोधाच्या पानावरच उत्तर. पूर्वी शोध घेणारा दुव्यावर टिचकी मारून ब्लॉगवर येई. आता साध्या प्रश्नांची उत्तरे शोधाच्या पानावरच मिळतात. २०२४ पासून तिथे भारतातही कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले सारांश दिसू लागले आहेत. त्यामुळे 'अमुक म्हणजे काय' अशा लेखांना वाचक मिळणे कठीण होत आहे.

(आ) अनुभवाला वजन. मजकुराचा दर्जा तपासण्याच्या गूगलच्या मार्गदर्शक तत्त्वांत डिसेंबर २०२२ मध्ये 'अनुभव' या निकषाची भर पडली. लिहिणाऱ्याने ते काम स्वतः केले आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा झाला. स्वतः काढलेला फोटो, स्वतः केलेले मोजमाप, स्वतः सोडवलेली अडचण या गोष्टी सारांशातून मिळत नाहीत.

(इ) थेट संपर्क. ईमेल बातमीपत्रे आणि व्हॉट्सॲप चॅनेल यांमुळे वाचकापर्यंत थेट पोहोचता येते. यांपैकी ईमेल यादी सोबत नेता येते, चॅनेलचे सदस्य मात्र त्या कंपनीच्या व्यासपीठावरच राहतात.

(ई) भारतीय भाषा. देवनागरीतले '.भारत' हे डोमेन २०१४ पासून मिळते. फोनवर आपल्या लिपीत टंकलेखन आता सोपे आहे. पण भारतीय भाषांतला बराच जुना मजकूर संगणकावर असूनही शोधात सापडत नाही. आपले उदाहरण इथूनच घेऊ.

४. सेवा नेमकी ठरवा

युनिकोड रुळण्यापूर्वी डीटीपीचे काम कृतीदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टमध्ये होत असे. कृतीदेवमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलमध्ये साठवलेला असतो इंग्रजी 'डी' अक्षराचा कोड. फॉन्ट काढून टाकला की उरतात ती अर्थहीन इंग्रजी अक्षरे. सर्च इंजिनलाही तीच दिसतात.

आता समजा, तुमच्या शहरातल्या एका मंडळाकडे जुन्या वार्षिक स्मरणिकांच्या डीटीपी फाइली आहेत. शहर इंदूर असो, वडोदरा, हैदराबाद किंवा बंगळूर. भाषा मराठी, हिंदी किंवा आणखी कोणती असो. त्यांना हा मजकूर ब्लॉगवर हवा आहे. 'आम्ही ब्लॉगची सर्व कामे करतो' असे सांगणाऱ्याकडे ते वळणार नाहीत. 'जुन्या फॉन्टमधली स्मरणिका युनिकोडमध्ये आणून, तपासून, शोधात सापडेल अशी ब्लॉगवर लावून देतो' असे सांगणाऱ्याला ते बोलावतील, कारण त्याने त्यांची अडचण त्यांच्याच शब्दांत मांडली.

या कामात तांत्रिक कौशल्य आहे, हेही त्यांना समजावून सांगता येते. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठवतात. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे उलटे: दिसतो नंतर, युनिकोडमध्ये 'र्' आधी. परिवर्तकाने हे बदल केले तरी जोडाक्षरांत चुका राहतात आणि माणसाला तपासावे लागते.

दर याच तपासणीवरून ठरवा. ६० पानांची स्मरणिका, पानाला ३०० शब्द, म्हणजे १८,००० शब्द. तासाला १,५०० शब्द तपासले तर १२ तास. मथळे, चित्रे आणि अनुक्रमणिका लावायला ३ तास, एका दुरुस्ती-फेरीला २ तास. एकूण १७ तास. तुम्ही तासाला २०० रुपये धरले तर ३,४०० रुपये होतात. हा हिशेब ग्राहकाला दाखवा. दर का आहे हे कळले की घासाघीस कमी होते, आणि 'दोनशे रुपयांत करून दे' या मागणीला काय उत्तर द्यायचे तेही तुम्हाला कळते.

५. विपणनाचे काही कल्पक मार्ग

(अ) आधी आणि नंतर. मंडळाच्या परवानगीने एक पान मोफत करून द्या. तुमच्या ब्लॉगवर डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे युनिकोडमधला. खाली लिहा: किती चुका सापडल्या, किती वेळ लागला. 'उत्तम दर्जा' या शब्दांपेक्षा हे पान जास्त बोलते, कारण पाहणारा ते स्वतः तपासू शकतो.

(आ) छोटे मोफत साधन. परिवर्तनात वारंवार होणाऱ्या चुकांची तपासयादी तयार करून ठेवा. कोडिंग येत असेल तर संशयास्पद जोडाक्षरे रंगवून दाखवणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. ज्याला हे साधन लागते, तोच तुमचा संभाव्य ग्राहक असतो. पाच पाने तो स्वतः करील. पाचशे पानांचे काम आले की तुमची आठवण काढील.

(इ) कामाची जाहीर वही. प्रत्येक कामातली एक अडचण आणि तिचा उपाय, तीनशे-चारशे शब्दांत नोंदवा. विभाग ३ मधील 'अनुभव' तो हाच. ग्राहकाचे नाव मात्र त्याने होकार दिल्याशिवाय लिहू नका.

(ई) एक काम, अनेक रूपे. त्याच नोंदीतून एक मिनिटाचा व्हिडिओ, बातमीपत्रातला एक परिच्छेद आणि एक चित्र तयार होते. प्रत्येक रूपातून दुवा मूळ नोंदीकडे जाऊ द्या.

(उ) पूरक व्यवसायाशी जोड. जुन्या फाइली कोणाकडे असतात? छापखान्याकडे आणि डीटीपी करणाऱ्याकडे. त्यांच्या काउंटरवर तुमचा क्यूआर कोड लावता येईल का, विचारा. बदल्यात त्यांच्या नव्या कामाचे मुद्रितशोधन सवलतीत करून द्या. हा मार्ग दिसायला ऑनलाइन नाही, पण क्यूआर कोडमुळे त्याचेही मोजमाप ऑनलाइन करता येते.

६. मोजमाप कसे करावे

प्रत्येक वाटेच्या दुव्याला वेगळी यूटीएम खूण जोडा, म्हणजे वाचक कुठून आला ते ॲनालिटिक्समध्ये कळते. एका महिन्याचे काल्पनिक आकडे घेऊ.

- इन्स्टाग्राम: ९०० भेटी, ५ चौकश्या, ० कामे
- शोध: १५० भेटी, ९ चौकश्या, २ कामे
- छापखान्याचा क्यूआर कोड: ४० भेटी, ६ चौकश्या, २ कामे

फक्त भेटी पाहिल्या तर इन्स्टाग्राम पहिला येतो. चौकशीचे प्रमाण पाहिले तर चित्र उलटते: इन्स्टाग्राम सुमारे ०.६ टक्के, शोध ६ टक्के, छापखाना १५ टक्के. मात्र ४० भेटींवरून कायमचा निष्कर्ष काढू नये. नमुना लहान आहे. दोन-तीन महिने पाहून मग वेळ कुठे घालवायचा ते ठरवा.

७. कुठे थांबायचे

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर लवकरच एक सोपा दिसणारा धंदा येतो: पैसे घेऊन दुवे विकणे. 'तुमच्या ब्लॉगवर आमचा पाहुणा लेख लावा, दुवा द्या, पैसे घ्या.' किंवा 'अमुक रुपयांत इतके बॅकलिंक.' हा धंदा का टाळायचा, ते एका प्रसिद्ध घटनेवरून समजते.

२०१० च्या नाताळच्या हंगामात अमेरिकेतील जे. सी. पेनी ही दुकानांची साखळी कपड्यांपासून चादरींपर्यंत अनेक वस्तूंच्या शोधात वरच्या क्रमांकावर होती. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले, की विषयाशी संबंध नसलेल्या असंख्य साइटवर या दुकानाकडे जाणारे दुवे पेरलेले होते. गूगलने कारवाई केली आणि कंपनीचे क्रमांक अगदी थोड्या वेळात कोसळले. हे आपल्या परवानगीने झाले नाही, असे कंपनीने सांगितले आणि शोधाचे काम पाहणाऱ्या संस्थेशी संबंध तोडले. पुढे एप्रिल २०१२ मध्ये गूगलने पेंग्विन हा बदल आणून अशा दुव्यांविरुद्धची तपासणी अधिक कडक केली.

इथे नुकसान कोणाचे झाले ते पाहा. ज्याच्या साइटकडे दुवे जात होते त्याचे, म्हणजे ग्राहकाचे. तुमचा ग्राहक एखादा छोटा क्लास असेल, तर त्याच्याकडे मोठ्या कंपनीसारखी सावरण्याची ताकद नसते. शिक्षा कशामुळे झाली, हेही त्याला कदाचित कळणार नाही.

म्हणून पुढील गोष्टी पाळा.

- मोबदला घेऊन दुवा दिलाच, तर त्याला 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' ही खूण लावा.
- पैसे, भेटवस्तू किंवा सवलत घेऊन लिहिले असेल, तर लेखाच्या सुरुवातीलाच तसे स्पष्ट सांगा. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलच्या २०२१ च्या आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.
- यंत्राकडून शेकडो लेख तयार करून ओतू नका. वाचकाला उपयोग नसलेला, केवळ क्रमांकासाठी घाऊक प्रमाणात बनवलेला मजकूर गूगलच्या मार्च २०२४ च्या धोरणात गैरवापर ठरतो, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने.
- 'पहिला क्रमांक मिळवून देतो' अशी हमी देऊ नका. क्रमांक तुमच्या हातात नाही. १७ तासांचे काम आणि तपासलेला मजकूर तुमच्या हातात आहे, त्याची हमी द्या.
- लोकांचे हक्क जपा. स्मरणिकेत छापलेल्या लेखांचा कॉपीराइट सामान्यतः लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ब्लॉगवर लावण्यापूर्वी परवानगी घ्यायला मंडळाला सांगा. सभासदांचे पत्ते आणि फोन क्रमांक छापील अंकात असतात, ते तसेच इंटरनेटवर जाऊ देऊ नका.

शेवटचा मुद्दा मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना बहुधा सुचलेला नसतो. तुम्ही तो पहिल्याच बैठकीत काढलात, तर ही मुले नुसती टंकलेखक नाहीत हे त्यांच्या लक्षात येते.

८. सारांश

व्यासपीठे बंद पडतात, म्हणून मूळ मजकूर स्वतःच्या डोमेनवर ठेवावा. सर्वसाधारण माहितीचे मोल घटत आहे, स्वतः केलेल्या कामाच्या नोंदीचे वाढत आहे. सेवा नेमकी असावी, दराचा हिशेब उघड असावा, आणि विपणनात ग्राहकाला तपासता येईल असा नमुना असावा. दुवे विकून मिळणाऱ्या पैशाची किंमत ग्राहकाला मोजावी लागू शकते. पहिल्या चार-पाच ग्राहकांत तुमचे जे नाव होईल, त्याच नावावर पुढची कामे येतील.

९. स्वाध्याय

१. तुम्ही देऊ शकाल अशी एक ब्लॉग-सेवा वीस शब्दांत लिहा. त्यात ग्राहक कोण आणि त्याची अडचण काय, हे आले पाहिजे.
२. त्या सेवेच्या एका कामाला लागणारे तास टप्प्यांनुसार मांडा आणि दर काढा.
३. तुमच्या भाषेतील जुन्या फॉन्टमधला एक परिच्छेद युनिकोडमध्ये आणा. राहिलेल्या चुका मोजून त्यांचे प्रकार पाडा.
४. विभाग ६ मधील आकड्यांत इन्स्टाग्रामसाठी महिन्याला १० तास आणि छापखान्यासाठी २ तास खर्च झाले असे धरा. प्रत्येक चौकशीमागे किती वेळ गेला ते काढा आणि पुढच्या महिन्याचे नियोजन करा.