ठेकेदार म्हणावे कुणाला?

सुरतेत मराठी माणूस परका नाही. उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेने नंदुरबार, धुळे, जळगाव या बाजूची माणसे येथे येत राहिली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत त्यांचे संसार थाटले गेले. त्यांतील पुष्कळजण यंत्रमागावर मीटरच्या हिशेबाने कापड विणतात; काहीजण हिऱ्यांच्या कारखान्यात घंटीवर बसून नगामागे मजुरी घेतात. मजुरी थकली की तिची पहिली वार्ता पुष्कळदा आम्हां शिक्षकांना लागते. कारण त्या महिन्यात मुलाची नवी वही येत नाही.

थकलेली मजुरी मागावयास गेलेल्या कारागिराला एक ठराविक उत्तर मिळते. "तू आमचा नोकर कुठे आहेस? तू तर स्वतंत्र ठेकेदार. जेवढा माल, तेवढा दाम. आणि दामाचा वाद असेल तर दिवाणी दावा लाव." कामावर घेताना एखाद्या कागदावर सही घेतलेली असते आणि त्या कागदावर 'जॉबवर्क' किंवा 'ठेका' असा शब्द असतो. मग कारागीर निमूटपणे परत फिरतो. श्रोतेहो, आज सांगावयाचे ते एवढेच, की त्याने असे परत फिरू नये. कोण कामगार आणि कोण ठेकेदार, हे कागदावरचा शब्द ठरवीत नाही. प्रत्यक्ष काम कसे चालते, त्यावरून ते ठरते.

या प्रश्नाचा एक महत्त्वाचा निवाडा गुजरातच्याच भूमीतून आलेला आहे. ध्रांगध्रा केमिकल वर्क्स या कंपनीची कुडा येथे मिठागरे होती. तेथे मीठ पिकविणारे अगरिया आपल्या बायकामुलांसह हंगामभर राबत. हंगामाच्या आरंभी त्यांना ४०० रुपये उचल मिळे आणि पुढे तयार मिठाच्या मणामागे साडेपाच आणे. कामाचे तास ठरलेले नव्हते, हजेरीपट नव्हता, मदतीला माणसे लावावयासही मोकळीक होती. कंपनीचे म्हणणे असे, की हे स्वतंत्र ठेकेदारच होत. परंतु सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५६ मध्ये ते मान्य केले नाही. खाऱ्या पाण्याची घनता कंपनीची माणसे तपासत, कामावर पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांची देखरेख असे, आणि नापसंत ठरलेले मीठदेखील अगरियाला बाहेर विकता येत नसे. मीठ पिकविण्याच्या रीतीवर असा ताबा असल्यावर आणि अगरिया स्वतः अंगमेहनत करीत असल्यावर तो कामगारच होय. मजुरी नगावर दिली की दिवसावर, याने नाते बदलत नाही.

दुसरा खटला नागपूरचा. तो आपल्या विषयाला अधिकच जवळचा आहे. तेथील एका विडी कारखान्यातील कामगारांनी १५ दिवसांची रजा घेतली. कारखाने अधिनियमाप्रमाणे त्या दिवसांचे वेतन मिळावयास हवे होते. व्यवस्थापकाने ते दिले नाही. कामगारांनी वेतन प्रदान अधिनियम, १९३६ खाली अर्ज केला. बचाव तोच : विड्या नगावर वळतात, वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात, हे कामगार कसले? बिरधीचंद शर्मा या नावाने ओळखला जाणारा हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६१ च्या निवाडे-संग्रहात तो पाहावयास मिळतो. विड्या कारखान्यातच वळावयाच्या, त्या ठरावीक दर्जाच्या हव्यात, नसतील तर त्या नाकारल्या जाणार; एवढा ताबा न्यायालयाला पुरेसा वाटला. कामगार जिंकले. रक्कम मोठी नव्हती. परंतु पंधरा दिवसांच्या मजुरीसाठी दिल्लीपर्यंत टिकून राहणे ही लहान गोष्ट नव्हे.

सर्वच निवाडे असे अनुकूल नाहीत, हेही सांगितले पाहिजे. १९६१ मध्ये महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका विडी कारखान्याच्या खटल्यात बहुमत कामगाराच्या विरुद्ध गेले. त्याच्यावर येण्याजाण्याचे कोणतेच बंधन नव्हते, हे न्यायाधीशांना महत्त्वाचे वाटले. न्या. सुब्बाराव यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. मला विचाराल तर तेच अधिक पटते. पुढे १९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगारांत गणले. १९७३ साली शिंप्यांच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक खूण दाखविली : शिवणयंत्र मालकाचे आहे, काम त्याच्या दुकानात चालते आणि बिघडलेला कपडा तो पुन्हा शिवून घेतो. यंत्रमागाच्या शेडमधील कारागिराने ही खूण आपल्या कामाशी ताडून पाहावी. माग कुणाचा? सूत कुणाचे? ताका नाकारतो कोण?

याउलट, जो स्वतःचे माग बाळगतो, पाच-सात मालकांचे काम घेतो, दर स्वतः ठरवितो आणि नफातोट्याचा धनी आहे, तो खराच ठेकेदार. त्याला कामगाराचा मार्ग खुला नाही.

आता उपायाकडे वळू. १९३६ च्या अधिनियमाची जागा वेतन संहिता, २०१९ हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. पूर्वी अर्जाला एक वर्षाची मुदत होती; संहितेत ती ३ वर्षे आहे. वेळेवर वेतन मिळण्याच्या हक्काला पूर्वी दरमहा २४,००० रुपयांची मर्यादा होती, तीही उरलेली नाही. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत मिळाले पाहिजे आणि काम सुटल्यास कामकाजाच्या २ दिवसांत. अर्ज स्वतः कामगार करू शकतो, तो सभासद असलेली नोंदलेली संघटना करू शकते. एका शेडमधील अनेकांना मिळून एकच अर्जही करता येतो. थकबाकीखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देवविण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. मधला मुकादम पैसे देईनासा झाला, तर ज्याचा कारखाना त्याच्यावर ती जबाबदारी येते.

मजुरी दिली होती, हे सिद्ध करण्याचा भार संहितेने मालकावर टाकला आहे. कित्येकांना वाटते, की यामुळे आपले काम संपले. तसे नाही. "हा माझा कामगारच नव्हे," असे मालक म्हणाला, तर कामगारपणाचा पुरावा आपल्यालाच पुढे करावा लागतो, आणि गाडी अडते ती नेमकी तेथेच. म्हणून रोज किती मीटर विणले, कोणत्या मागावर, कोणत्या पाळीत, हे एका वहीत तारीखवार लिहावे. हिशेबाच्या चिठ्ठ्या फेकू नयेत. बँकेच्या पुस्तकातील जमा, कामावर बोलावणारे किंवा ताका नाकारणारे भ्रमणध्वनीवरील संदेश, शेजारच्या मागावरील साक्षीदार, हे सर्व उपयोगी पडते. कागदावर सही करताना त्याची एक प्रत किंवा निदान छायाचित्र घ्यावे. प्रथम थकबाकीची रक्कम व तारखा लिहून स्पीड पोस्टाने मागणीपत्र पाठवावे, पोचपावती जपावी आणि मग सुरतेच्या कामगार आयुक्त कार्यालयात जावे. वकिलाच्या खर्चाची धास्ती असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या अधिनियमाप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि औद्योगिक कामगार यांना तेथे विनामूल्य वकील मिळू शकतो. निकाल विरुद्ध गेला, तर अपिलासाठी ९० दिवस असतात. ते दिवस निकालाच्या तारखेपासून मोजावेत.