मानेतली सुई आणि ‘ड’ जीवनसत्त्व

घाटघरच्या एक आजी गेल्या दिवाळीनंतर मुलासोबत माझ्याकडे आल्या. मानदुखीसाठी शहरात मणक्यात घेतलेल्या इंजेक्शनचा आराम जेमतेम तीन आठवडे टिकला होता. रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व ११ नॅनोग्रॅम निघाले. २० च्या खाली कमतरता धरतात. मुलाने विचारले, “डॉक्टर, हे आधी भरून काढले असते तर सुई लागू पडली असती का?”

प्रश्न रास्त आहे. मानेतील गादी सरकली की हाताकडे जाणारी नस दबून सुजते, बोटांपर्यंत कळ व मुंग्या येतात. इंजेक्शनातील स्टिरॉइड ती सूज उतरवते, गादी जागेवर बसवत नाही. ‘ड’ कमी असल्यास गुण कमी येतो काय, याचा अभ्यास चालू आहे. पण दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. दुखण्याने घरात बसणाऱ्याला ऊनही कमीच मिळते!

मात्र ‘ड’ फार घटले की हाडे मऊ पडतात, स्नायू दुबळे होतात, अंग ठणकते. हे दुखणे नसेचे नव्हे. त्यावर मणक्यातली सुई काय करणार? आजींच्या मांड्या व बरगड्याही दुखत होत्या, उठताना हात टेकावा लागे.

शेतात राबणाऱ्या बाईला ऊन कमी कसे, असे वाचक विचारतील. नाणेघाटाच्या माथ्यावर पावसाळाभर धुके, अंगावर इरले किंवा घोंगडी, एरवी डोक्यावर पदर. आहारातून मिळते ते अंडी-मासळीतून, तेही थोडेच. आणि आपला ‘कोवळ्या उन्हात बसा’ हा सल्ला इथे फारसा कामाचा नाही. ‘ड’ तयार करणारे किरण अकरा ते दोनच्या सुमारास भरपूर असतात. काचेतून ते येत नाहीत. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ पुरतो, सावळ्या कातडीला जरा जास्त.

साठ हजार युनिटची पुडी सहसा आठवड्याला एक, तीही ठराविक आठवडेच असते. ती रोज घेणारे मी पाहिले आहेत! त्याने रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा होते. इंजेक्शनाआधी मधुमेह असल्यास अवश्य सांगावे; स्टिरॉइडने साखर चढते. मानेतील अशा इंजेक्शनाने क्वचित गंभीर इजाही होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली तसा इशारा दिला आहे. हाताची ताकद जात असेल, चाल अडखळत असेल, लघवीवर ताबा राहत नसेल तर पुड्यांची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे.

दोन महिन्यांनी आजींच्या मांड्यांचा ठणका गेला. बोटांच्या मुंग्या मात्र आहेत तशाच, म्हणून त्यांना एमआरआयची फिल्म घेऊन पुन्हा मणक्याच्या डॉक्टरांकडे पाठवले आहे.