हसवा, पण बेताने

घरात कुणी वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले आहे? रात्रीची झोप नाही, दिवसभर चिडचिड? १९६४ साली आजारी पडलेले अमेरिकन संपादक नॉर्मन कझिन्स विनोदी चित्रपट पाहत. दहा मिनिटे खळखळून हसले, की दोन तास वेदनेविना झोप लागते, असे त्यांनी लिहिले. अर्थात हा एकट्याचा अनुभव. सिडनीच्या ३५ वृद्धाश्रमांच्या अभ्यासात त्यांपैकी काहींमध्ये विदूषकांकरवी वृद्धांना हसवून पाहिले. २०१३ साली निष्कर्ष आला: उदासी फारशी हटली नाही, अस्वस्थता मात्र कमी झाली. तेव्हा गोळ्या बंद करू नका. संध्याकाळी आजोबांच्या उशाशी बसा, त्यांच्याच फजितीचा जुना किस्सा त्यांना सांगायला लावा. शंभरदा ऐकलेला असला तरी! नुकतेच पोटाचे ऑपरेशन झाले असेल, तर मात्र गालातल्या गालात हसणेच पुरे.