स्वच्छ ऊर्जा आणि जीवनमान : साक्री तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

'स्वच्छ ऊर्जा' या पदातील 'स्वच्छ' हे विशेषण ऊर्जेच्या उगमाचे वर्णन करते. तिच्या परिणामाविषयी ते काहीच सांगत नाही. जीवनमानाच्या दृष्टीने मात्र वीज कशापासून निर्माण झाली, याइतकेच ती कोणाच्या घरात व शेतात, केव्हा आणि किती भरवशाने पोहोचते, यालाही महत्त्व आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुका हा भेद स्पष्ट करतो.

या तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्यांचा मोठा समूह उभा आहे, आणि शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉट क्षमतेचा सौर प्रकल्प २०१३ साली कार्यान्वित झाला. दोन्ही ठिकाणी कोळसा जळत नाही, राख उरत नाही. परंतु येथील वीज उच्च दाबाच्या वाहिन्यांतून राज्याच्या जाळ्यात मिसळते. प्रकल्पाशेजारच्या वस्तीस ती आपोआप अधिक मिळते, असे नव्हे. कोळशाचा वापर घटला, तर त्याचा प्रत्यक्ष लाभ भुसावळजवळील दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रांच्या परिसरास होईल. जमीन आणि चराई मात्र साक्रीच्या माळावरची गुंतते. जेथे भिल्ल व कोकणा कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसत आली आहेत, तेथे २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांचा निर्णय आधी होणे म्हणूनच आवश्यक ठरते.

जीवनमानातील बदल प्रथम जाणवतो तो स्वयंपाकघरात. सरपण व गोवऱ्या यांच्या धुरातील सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड आरोग्यास अपाय करतात. स्त्रिया व लहान मुले यांना त्याची झळ सर्वाधिक लागते. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसजोडणी घरोघर नेली. तथापि टाकी पुन्हा भरून घेणे परवडले नाही, तर चूल पुन्हा पेटते आणि मोळीची पायपीटही चुकत नाही.

दुसरा बदल शेतातील आहे. कृषिपंपांना रात्रीच्या पाळीत वीज मिळाली, की शेतकऱ्यास अंधारात, विंचूकाट्याचे भय सोसून पाणी भरावे लागते. सौर वीज दिवसा निर्माण होते; म्हणून उपकेंद्राजवळ लहान सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीस दिवसा पुरवठा करावा, हे २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे तत्त्व होय. येथे उगम व उपयोग यांतील अंतर कमी होते, आणि रात्रीची झोप परत मिळते.

तात्पर्य, ऊर्जेचे मोजमाप मेगावॉटमध्ये करता येते. जीवनमानाचे तसे करता येत नाही. धूर, पायपीट आणि जागरण किती कमी झाले, व जमीन देणाऱ्यास काय मिळाले, यांवरूनच त्याची परीक्षा व्हावयास हवी.