इंजिनाची शक्ति कोठें हरपली?

पेणहून अलिबागेस येतांना पोयनाड मागें पडलें कीं कार्लेखिंडीचा चढ लागतो. चढ फार मोठा नव्हे. पण गाडीच्या प्रकृतीची परीक्षा पाहण्यास तेवढा पुरतो. गेल्या मार्गशीर्षांत आमचा पुतण्या, वहिनी आणि आम्ही असे तिघे त्या चढावर एका एस. टी.च्या पुढें जाऊं पाहत होतों. गाडी निम्म्यावर आली आणि पुतण्यानें पाय पुरता दाबला असतांही पुढें सरकेना. समोरून डंपर येत होता. एस. टी.च्या चालकानें आपण होऊन वेग कमी केला म्हणून आम्ही घरीं पोंचलों. चढावर पुढें जाण्याची घाई ही मूळची चूक, हें आम्हीं पुतण्यास तेव्हांच सांगितलें. वहिनी त्या रात्रीं जेवल्या नाहींत; सकाळीं "ही गाडी विकून टाका" एवढेंच म्हणाल्या.

गाडी आमच्या कै. वडीलबंधूंनीं 2002 सालीं घेतलेली. फियाट पॅलिओ, इंजिन 1596 घन सेंटिमीटरांचें, झडपा 16, शक्ति सुमारें 100 घोड्यांची. आपल्याकडील पुष्कळशा लहान गाड्या तेव्हां याच्या निम्म्या शक्तीवर समाधान मानीत. पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं करावयाचें नोंदणीचें नूतनीकरण पेणच्या परिवहन कार्यालयांत दोनदां झालें. पुढचें 2027 सालीं. विकूं गेल्यास भंगाराचाच भाव येणार, हें सर्वांस ठाऊक होतें. पुतण्या तर वडिलांची गाडी म्हणून हट्टास पेटला होता.

घरांत प्रत्येकाचें निदान निराळें. धाकट्या बंधूंनीं सर्व दोष पेट्रोलांतील 20 टक्के इथेनॉलवर घातला. इथेनॉलनें मैलांचा हिशेब थोडा बिघडतो, जुन्या रबरी नळ्यांसही तें मानवत नाहीं, हें खरें. पण सपाटीवर निमूट चालणारी गाडी नेमकी चढावर घोंगडें पसरून बसते, याचा उलगडा त्यानें होत नाहीं. पहिल्या कारागिरानें प्लग आणि कॉइलपासूनच्या तारा बदलल्या. उभ्या गाडीचें इंजिन मधूनच उचकी देत असे, तें थांबलें. चढावरचें रडगाणें मात्र तसेंच राहिलें. मग तो म्हणाला, "आतां पेट्रोलचा पंप बदलून पाहूं." या "बदलून पाहूं" मध्यें कित्येक घरांचे पैसे बुडाले असतील! येथें आम्हीं त्यास थांबविलें.

तर्कसंग्रह शिकवितांना अन्वय आणि व्यतिरेक आम्हीं मुलांकडून घोकून घेतले होते: कारण असतां कार्य असावें, कारण नसतां नसावें. इंजिनासही हाच न्याय लागूं आहे. त्याला हवा हवी, पेट्रोल हवें, वेळेवर ठिणगी हवी, सिलिंडरांत दाब टिकला पाहिजे, आणि जळलेला धूर बाहेर जाण्यास वाट मोकळी पाहिजे. या पांचांपैकीं एकही उणें पडलें तरी लक्षण एकच, गाडी ओढीत नाहीं. म्हणून एकट्या लक्षणावरून कारण ठरवूं नये.

रेवदंड्याकडील एक वयस्क कारागीर या पद्धतीचा निघाला. त्यानें कांहींही न बदलतां आधीं मोजमाप केलें. हवेची जाळी स्वच्छ होती. पेट्रोलचा दाब पुस्तिकेंतल्या आंकड्याइतका भरला, आणि जोर दिला असतांही खालीं आला नाहीं. म्हणजे पंप निर्दोष! चारही सिलिंडरांचा दाब जवळजवळ सारखा. मग त्यानें इंजिनाच्या शोषनळीस निर्वाताचें घड्याळ जोडलें. सावकाश चालत्या इंजिनावर कांटा 18 इंचांवर स्थिर होता. फेरे मिनिटास 2500 करून तेथेंच धरून ठेवले. निरोगी इंजिनांत कांटा क्षणभर पडून पुन्हा पूर्वीच्या जागीं, किंबहुना किंचित् वर, येतो. आमचा कांटा मात्र हळूहळू उतरत 9 वर आला. धूर बाहेर न जातां मागें तुंबत होता.

व्यतिरेकही त्यानें पाहिला. धुराच्या नळीचा, शुद्धीकरणाच्या डब्याअलीकडील, सांधा सैल केला आणि पुतण्यास चढावर जाऊन येण्यास सांगितलें. गाडी गर्जना करीत गेली; गांवचीं कुत्रीं मागें लागलीं, पण ओढ पूर्ववत् झाली होती!

त्या डब्यांत मधाच्या पोळ्यासारखी भाजक्या मातीची जाळी असते व तिच्यावर प्लॅटिनमसारख्या मौल्यवान् धातूंचा लेप असतो. एरवीं तिची ऊब 400 ते 800 अंशांची. परंतु ठिणगी चुकली कीं न जळलेलें पेट्रोल डब्यांत जाऊन तेथें पेटतें, आणि जाळी वितळून छिद्रें बुजतात. पहिल्या कारागिरानें काढलेल्या तारा पुतण्यानें जपून ठेवल्या होत्या. त्यांच्या टोंकांवर हिरवट भुकटी चढलेली दिसली. आमचें घर समुद्रापासून हांकेच्या अंतरावर. खारा वारा खिडकीच्या बिजागऱ्या खातो, तो गाडीच्या तारांस कसा सोडील? म्हणजे त्या पहिल्या कारागिराची दुरुस्ती मुळांत चुकीची नव्हती. रोग त्यानें बरा केला. पण रोगानें दुसरें इंद्रिय आधींच निकामी केलेलें होतें, तिकडे त्याची दृष्टि गेली नाहीं.

जाळी फोडून डबा पोकळ करावा, खर्च वांचेल, अशी मसलत एका स्नेह्यानें दिली. धूर शेजाऱ्यांच्या नाकांत आणि दंड आपल्या पदरीं, म्हणून आम्हीं ती मानली नाहीं. नवा डबा बसविला, इंजिनापासून सांगाड्यास जाणारी गंजलेली तारही घासून घेतली. माघांत वहिनी पुन्हा गाडींत बसल्या. खिंड संपेपर्यंत मात्र त्यांनीं डोळे उघडले नाहींत.