गरम झाली की बंद पडणारी गाडी

सकाळी पहिल्या किकला सुरू होते, अर्धा तास बिनतक्रार पळते आणि मग भर रस्त्यात बंद. पंधरा मिनिटं सावलीत उभी केली की पुन्हा चालू. गॅरेजमध्ये न्यावी, तर तिथे एकदम शहाणी. मग प्लग बदला, कार्बोरेटर साफ करा, असं अंदाजपंचे काम सुरू होतं. हा दोष गाडी बंद पडल्या जागीच, ती गरम असतानाच पकडायचा.

आधी आठवा, बंद पडली कशी? आचके देत, दम तोडत पडली असेल तर पेट्रोल पाहा. किल्ली फिरवल्यासारखी गप्पकन गेली असेल तर करंट.

जुन्या कार्बोरेटरच्या मोटरसायकलला सहसा पेट्रोलचा पंप नसतो. (२०२० च्या बीएस-६ नंतरच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांचं तंत्र वेगळं.) टाकी वर, कार्बोरेटर खाली, एवढ्यावरच पेट्रोल उतरतं. जितकं उतरेल तितकी हवा टाकीत शिरायला हवी. त्यासाठी झाकणात बारीक वाट ठेवलेली असते. चिखलाने, गंजाने ती बुजली की टाकीतला दाब घटत जातो. फूटभर उंचीच्या पेट्रोलचा जोर वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम २ टक्के. आतला दाब तेवढा उतरला की पेट्रोल अडलंच. टाकी फुल्ल असेल तर आत हवा थोडी, म्हणून दाब लवकर घटतो आणि गाडीही लवकर थांबते. लोक मात्र भेसळीचा संशय घेऊन पंपवाल्याच्या नावाने बोटं मोडतात. झाकण उघडा. ‘सुस्स’ आवाज आला आणि मिनिटभरात गाडी सुरू झाली, तर दोष तिथेच.

नाहीतर झाकण घट्ट लावा आणि करंट बघा. प्लग काढून त्याच्या टोपीत बसवा, प्लगची धातूची कड इंजिनाला टेकवा, किक मारा. ठिणगी नसेल तर पहिला संशय पल्सर कॉइलवर. मॅग्नेट फिरताना सीडीआयला, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या डबीला, ठिणगीची वेळ हीच कळवते. तिचे वेढे बारीक तांब्याच्या तारेचे. तार कुठे तुटलेली असेल तर थंडपणी टोकं एकमेकांना टेकून असतात, तापल्यावर सुटतात. थंड इंजिनावर मल्टिमीटर लावणाऱ्याला म्हणूनच सगळं ठीक दिसतं. कनेक्टर सोडवून, गरम असतानाच मोजा. रीडिंग थोडं चढलेलं दिसलं म्हणून कॉइल फेकू नका; तांब्याचा रोध अंशाला सुमारे ०.४ टक्का वाढतोच. २५ अंशांना २०० ओहम दाखवणारी चांगली कॉइल ८५ अंशांना २५० च्या आसपास दाखवणार. मीटरने काहीच दाखवलं नाही, तर मात्र ती गेली.

पेट्रोल येतंय, ठिणगीही आहे, पण किक नेहमीपेक्षा हलकी लागते? मग टॅपेट आवळलेले असू शकतात. तापल्यावर टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली उरलीसुरली फटही मिटते, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. ही फट मोजायचं एवढं एक काम मात्र गरम इंजिनावर करायचं नाही. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी फीलर गेज लावायचा.